आजारपणात पाय का जातात?

१. आत्याचा प्रश्न

“न्यूमोनिया छातीत झाला होता ना गं? मग पाय कसे गेले माझे?”

आत्याने हे विचारलं तेव्हा ती कमोडवर बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. वय ७१. नऊ दिवस रुग्णालयात काढून आदल्या संध्याकाळी घरी आलेली. ताप उतरला होता, खोकला कमी झाला होता, छातीचा एक्स-रे सुधारला होता. कागदावर ती बरी होती. दोन आठवड्यांपूर्वी मंडईतून दोन पिशव्या घेऊन जिना चढणारी बाई आता दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून जोर करत होती आणि जागची हलत नव्हती. शेवटी मी तिच्या बगलेत हात घालून तिला उभी केली.

त्या रात्री तिचे पाय चेपताना मी दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून तिच्या पोटरीभोवती कडं केलं. कडं सैल बसलं, आत आणखी एक बोट सहज शिरलं असतं. जपानमधल्या काशिवा शहरातल्या वृद्धांवर संशोधकांनी हीच साधी चाचणी वापरली आहे. पोटरी कड्यात मावत नसेल तर उत्तम, जेमतेम मावत असेल तर लक्ष ठेवायचं आणि कडं सैल पडत असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यायची. मोजपट्टीही लागत नाही.

“आजारपणात त्यांचे पाय गेले” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्यावर “अशक्तपणा आहे, आराम करा, येईल ताकद हळूहळू” हे उत्तरही ठरलेलं. आम्हीही आत्याला नऊ दिवस हेच सांगत होतो. पाणी हातात देत होतो, ताट मांडीवर ठेवत होतो. तिला चालवायला कुणी सांगितलं नाही आणि चालवू का, असं आम्हीही विचारलं नाही. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळवायचं तर आधी स्नायू म्हणजे काय, हे पाहावं लागेल.

२. दोरखंड, पेड आणि दोन कंगवे

विहिरीवरचा जाडजूड दोरखंड उलगडला की आत पेड निघतात, पेडांत आणखी बारीक पेड आणि शेवटी धागे. मांडीचा स्नायूही असाच बांधलेला असतो. त्यातला एकेक धागा म्हणजे एक जिवंत पेशी. तिला स्नायुतंतू म्हणतात. ही पेशी इतर पेशींसारखी नसते. जाडीला केसाइतकी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला कित्येक सेंटीमीटर भरेल अशी. गर्भात असताना अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते. म्हणून तिच्यात एकच केंद्रक न राहता शेकडो केंद्रकं असतात.

तंतूच्या आत दोन प्रकारच्या प्रथिनांच्या काड्या असतात. जाड काडी मायोसिनची, बारीक अ‍ॅक्टिनची. दोन कंगवे समोरासमोर धरून दाते एकमेकांत सरकवून पाहा. दात्यांची लांबी तीच राहते, पण दोन्ही कंगवे मिळून जागा कमी व्यापतात. स्नायू आखडतो तो असा. हे कोडं १९५४ साली सुटलं. अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगर्के ही एक जोडी, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन ही दुसरी. दोन्ही जोड्यांचे निबंध ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. आडनाव एक असलं तरी दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं.

आपल्यासाठी महत्त्वाचं इतकंच, की ताकद या काड्यांच्या संख्येत आहे. काड्या प्रथिनांच्या आहेत आणि प्रथिनं कायमची टिकत नाहीत.

३. रोज सारवावी लागणारी भिंत

मातीचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. ती भिंत एकदा बांधून संपत नाही. पोपडे सुटत राहतात आणि घरातली बाई लिंपत राहते. दोन्ही कामं बरोबरीने चालली तर भिंत वर्षानुवर्षं तशीच दिसते. लिंपणं थांबलं की एका पावसाळ्यात कूड उघडा पडतो.

स्नायूतल्या प्रथिनांची अशीच मोडतोड आणि बांधणी चोवीस तास चालू असते. साधारण एक ते दीड टक्का माल रोज बदलला जातो. बांधणी चालू ठेवायला स्नायूला दोन गोष्टी लागतात. एक, जेवणातून येणारी प्रथिनं. दुसरी, भार. उभं राहणं, जिना चढणं, खाली बसून उठणं यातून तंतूंवर ताण पडतो, आणि आपण अजून लागतो आहोत, हे स्नायूला त्या ताणातूनच समजतं. पलंगावर आडवं झालं की मांडीवरचा आणि पोटरीवरचा भार जवळजवळ शून्य होतो. हाताचं काम पलंगावरही थोडंफार चालू राहतं, पण पायांचं पूर्ण थांबतं. म्हणून आधी पाय जातात.

किती जातात, याचं उत्तर २००७ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दिलं. सरासरी ६७ वर्षांच्या बारा निरोगी माणसांना दहा दिवस पलंगावर ठेवलं. ताप नाही, दुखणं नाही, जेवण मोजून व्यवस्थित. दहा दिवसांनी त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस कमी झालं होतं, आणि स्नायूतली नवी बांधणी सुमारे ३० टक्क्यांनी मंदावली होती. तरुण माणसं २८ दिवस पडून राहिली तरी त्यांच्या पायांतून इतकं जात नाही. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन साखरेची एक किलोची पिशवी हातात घेऊन पाहिली होती. निरोगी माणसाच्या पायांतून, नुसतं झोपून, एवढं!

आत्या तर निरोगीही नव्हती. जंतूंशी लढायला शरीराला नवी प्रथिनं तातडीने लागतात आणि तापात जेवण जात नाही. घरातलं धान्य संपलं की शेतकरी नाइलाजाने बियाण्याच्या कणगीत हात घालतो. शरीराची ती कणगी म्हणजे स्नायू. त्यातली प्रथिनं मोडून सुटा माल रक्तात सोडला जातो आणि फुप्फुसातल्या लढाईला पुरवला जातो. २०१३ साली ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागातल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजत गेले, तेव्हा दहाव्या दिवसापर्यंत त्याचा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलेला आढळला. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी होत होते त्यांचं नुकसान याहून जास्त.

तर आत्याच्या प्रश्नाचं हे पहिलं, अर्धं उत्तर. न्यूमोनिया छातीत झाला, पण त्याची किंमत मांड्यांनी मोजली, आणि आमच्या प्रेमळ आरामाने त्यात भर घातली. रिचर्ड आशर या ब्रिटिश डॉक्टरने रुग्णाला अंथरुणात ठेवण्याच्या धोक्यांवर १९४७ सालीच लेख लिहिला होता. पण इतक्या वर्षांनीही, माणूस आजारी पडलं की आपला पहिला शब्द “पडून राहा” हाच असतो.

४. कडेला बसलेले गवंडी

उरलेलं अर्धं उत्तर आशेचं आहे.

कातडीला खरचटलं तर शेजारच्या पेशी विभागून भगदाड भरून काढतात. स्नायुतंतूला हे जमत नाही, त्याची केंद्रकं विभागत नाहीत. तरीही फाटलेला स्नायू सांधतो, हे वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तो सांधतो कोण?

१९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मॉरो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या पायाचा स्नायू पाहत होते. प्रत्येक तंतूभोवती एक पातळ आवरण असतं, उशीला अभ्रा असतो तसं. त्या अभ्र्याच्या आत, पण उशीच्या बाहेर, त्यांना चपट्या, एकट्यादुकट्या पेशी चिकटून बसलेल्या दिसल्या. मुख्य तंतूच्या कडेला राहतात म्हणून त्यांना उपग्रह पेशी हे नाव मिळालं. त्यांना फाटलेल्या स्नायूशी काही काम असेल का, अशी शंका मॉरोंनी तेव्हाच मांडली आणि ती खरी निघाली.

मी त्यांना गवंडी म्हणते. एरवी ते काहीच करत नाहीत, वर्षानुवर्षं झोपून असतात. तंतू फाटला की जागे होतात, विभागून आपली संख्या वाढवतात आणि मग एकमेकांत व जुन्या तंतूत विरघळून जातात. गवंड्याने स्वतःच भिंतीतली वीट व्हावं, तसं हे काम आहे. पण सगळेच विरघळत नाहीत. काही जण पुन्हा कडेला जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. निसर्गाची ही तजवीज मला फार हृद्य वाटते.

५. मागून दगड लागल्यासारखं

एक उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीतला गृहस्थ, सोसायटीच्या मैदानावर बऱ्याच दिवसांनी बॅडमिंटन खेळायला उतरतो. पुढे झेपावताना पोटरीत सटकन कळ येते. मागून कुणी दगड मारला की काय, म्हणून तो वळून पाहतो. मागे कुणीच नसतं. पोटरीचे काही तंतू फाटलेले असतात.

पहिल्या काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात. जागा सुजते, गरम होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बृहद्भक्षक नावाच्या मोठ्या पेशी येतात आणि मेलेल्या तंतूंचा राडारोडा गिळतात. राडारोडा उचलून झाल्यावर त्याच पेशी सूर बदलतात आणि गवंड्यांना बांधकामाचे निरोप देऊ लागतात. प्रयोगात या पेशी काढून घेतल्या की उंदरांचा स्नायू नीट भरत नाही. म्हणजे सूज हा नुसता त्रास नव्हे, दुरुस्तीचा तो पहिला हप्ता आहे. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने मुका मार, लचक, फाट यांवर आराम, बर्फ, दाब आणि उंची असा चार कलमी उपाय सांगितला आणि तो जगभर पोचला. पुढे बर्फ आणि संपूर्ण आराम यांमुळे भरून येणं लांबू शकतं, असं त्याच मर्किन यांनी लिहिलं. दुखणं कमी करायला पहिल्या दिवशी थोडा बर्फ चालतो, पण बर्फाने जखम लवकर भरते असं मात्र नाही.

दुसऱ्या आठवड्यात खरी शर्यत लागते. एकीकडे गवंडी नवे तंतू रचत असतात, दुसरीकडे भेग बुजवायला चिवट पांढरा वण तयार होत असतो. वण हवाच, नाहीतर दोन टोकं सुटतील. पण तो आखडत नाही, ताकद देत नाही, आणि जास्त झाला तर नव्या तंतूंची वाट अडवतो. या शर्यतीत भार कामाला येतो. पहिले तीन ते पाच दिवस पाय जपायचा आणि मग दुखेल-न-दुखेल इतपत हालचाल सुरू करायची, हा क्रम स्नायूंच्या फाटीत चांगला ठरला आहे. हलका ताण पडला की नवे तंतू एका दिशेत, सरळ ओळीत लागतात. ओळंबा धरल्याशिवाय भिंत सरळ चढत नाही. महिनाभर पाय बांधून ठेवला तर वण जिंकतो.

गवंड्यांनाही मर्यादा आहे. अभ्रा शाबूत असेल तर त्याच्या आत नवा तंतू भरता येतो. अपघातात किंवा स्फोटात स्नायूचा मोठा लचकाच तुटला तर अभ्राही जातो, आणि काम कुठे करायचं तेच गवंड्यांना कळत नाही. अशा जखमांसाठी पिट्सबर्गमध्ये स्टीफन बॅडिलॅक यांच्या गटाने डुकराच्या मूत्राशयाचं अस्तर घेतलं, त्यातल्या पेशी धुऊन टाकल्या आणि उरलेली जाळी जखमेत बसवली. म्हणजे नवा अभ्राच शिवून दिला. २०१४ साली त्यांनी पाच रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांतल्या तिघांची हालचाल स्पष्ट सुधारली होती. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला जाळीइतकीच महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच व्यायाम सुरू केला होता. नुसती जाळी बसवून थांबायचं नव्हतं.

६. नव्वदीतली दहा माणसं

“पण या वयात कुठून येणार ताकद?” हा आत्याचा दुसरा प्रश्न. तो प्रश्नापेक्षा हार मानल्यासारखा होता.

गवंडी म्हातारपणी कमी होतात आणि त्यांची झोपही गाढ होते. जागं करणारे निरोप म्हाताऱ्या शरीरात क्षीण असतात. २००५ साली स्टॅनफर्डमध्ये थॉमस रँडो यांच्या प्रयोगशाळेत एक म्हातारा आणि एक तरुण उंदीर असे जोडले, की दोघांचं रक्त एकमेकांत फिरेल. मग म्हाताऱ्याच्या स्नायूला इजा केली. एरवी रखडणारी दुरुस्ती चांगली झाली आणि ती म्हाताऱ्या उंदराच्याच उपग्रह पेशींनी केली. म्हणजे हातातलं कसब शाबूत होतं, हाक पोचत नव्हती.

माणसाला उंदरासारखं जोडता येत नाही आणि तशी गरजही नाही, कारण हाक मारायचा जुना मार्ग आहे. बॉस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियातारोनी या डॉक्टरने तिथल्या दहा रहिवाशांना मांडीच्या व्यायामाला बसवलं. वयं ८६ ते ९६, बरेच जण काठीच्या आधाराने चालणारे. व्यायाम नावापुरता नव्हता. ज्याला जितकं वजन जेमतेम एकदा उचलता येईल त्याच्या ८० टक्के वजन, आठवड्यातून तीन दिवस. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे आधी दहा किलो उचलणारा पाय सत्तावीस किलो उचलू लागला. दोघांची काठी सुटली. हा अहवाल १९९० सालचा. व्यायाम थांबवल्यावर महिन्याभरात ही ताकद बरीच ओसरली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे.

चार वर्षांनी त्यांनीच शंभर जणांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली. नुसतं पेय घेणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना प्रथिनांच्या भुकटीचा महागडा डबा नेणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं. डबा न्या, पण त्यांना हाताला धरून गॅलरीपर्यंत चालवूनही आणा.

७. पुण्याची बाळं

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं यांची मापं ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण सगळंच त्या प्रमाणात लहान नव्हतं. चरबी बऱ्यापैकी टिकून होती आणि स्नायू मात्र कमी होते.

२००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन काढलं तर आकडा एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून वेगळे. म्हणून “बारीकच आहे, मग तब्येत ठीक” हे आपलं गणित चुकतं. ज्याची शिल्लक मुळातच कमी, त्याला नऊ दिवसांच्या आजारपणाचा खर्च जड जाणारच. शिवाय रक्तातली साखर सर्वांत जास्त खपवणारं गिऱ्हाईक स्नायूच आहे, त्यामुळे तो घटला की मधुमेहाचंही फावतं.

८. खुर्ची, गोधड्या आणि ताट

आता आम्ही काय केलं ते सांगते. आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. हाड मोडलं असेल, पायाच्या शिरेत गुठळी असेल, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा प्रश्न असेल तर भार कधी आणि किती द्यायचा, हे त्यांनीच ठरवायचं असतं. घाईनेही नुकसान होतं. २००९ साली अमेरिकेत कृत्रिम श्वासावर असलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना अगदी सुरुवातीपासून बसवणं, उभं करणं असे उपचार दिले. घरी जाताना त्यांतले ५९ टक्के रुग्ण स्वतःचं स्वतः करू शकत होते, इतरांपैकी ३५ टक्के. हे वाचून सगळे उत्साहात आले. पण २०२२ साली ७५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोराने हालचाल करवली तेव्हा फायदा दिसला नाही, उलट हृदयाचे ठोके बिघडण्यासारखे प्रकार वाढले. भारालाही औषधासारखी मात्रा असते.

मग आत्याचं ताट मोजलं. तिचं वजन ५२ किलो. वृद्धांना दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारातून उठताना सव्वाच्या बाजूने. म्हणजे साठच्या वर, बासष्ट धरू. ती खात काय होती? चहा-खारी ३, एक भाकरी ५, पातळ वरण ५, भाजी २, रात्री मऊ भात ५, अर्धा कप दूध ४. बेरीज २४. निम्मंसुद्धा नाही! खाणं हलकं असावं म्हणून आम्ही हे देत होतो. त्यात दोन उकडलेली अंडी घातली, १२. अर्ध्या कपाचं दूध पेलाभर केलं, ४ वाढले. मूठभर शेंगदाण्यांचा कूट ७, वाटीभर मटकीची उसळ ७, वाटीभर दही ४, घट्ट वरणाची आणखी एक वाटी ५. झाले ६३. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र ही वाढ डॉक्टरांना विचारूनच करायची. म्हाताऱ्या स्नायूला थोडक्या प्रथिनांची हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळं रात्री न ठेवता तिन्ही जेवणांत वाटलं.

आणि खुर्ची. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, म्हणजे सरकणार नाही. तिच्यावर आजीच्या दोन जुन्या गोधड्या घड्या करून रचल्या, कारण बैठक जितकी उंच तितकं उठणं सोपं. हात छातीवर बांधायचे, उठायचं, सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी तीनदा झालं आणि तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. ती घाबरली, मीही घाबरले. पण थरथर म्हणजे भार पोचला. दुसऱ्या दिवशी दुखलं, तिसऱ्या दिवशी कमी झालं, चौथ्या दिवशी पाचदा उठली. दर आठवड्याला गोधडीची एक घडी कमी करत गेलो.

आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली एक निकष ठरवला आहे. हात न लावता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर असल्याची शंका घ्यावी. पाचव्या आठवड्यात गोधड्यांशिवाय आत्याला एकवीस सेकंद लागले. नवव्या आठवड्यात चौदा. माझ्या मोबाइलवरचं घड्याळ तिला मान्य नव्हतं, म्हणून तिने भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघून स्वतः पुन्हा मोजलं. तेही चौदाच भरले. पोटरीचं कडं आता जेमतेम जुळतं.

देवघरापुढच्या पाटावरून तिला अजून आधाराशिवाय उठता येत नाही. तो पाट चार बोटं उंच आहे. परवा तिने माळ्यावरचा दुसरा पाट काढायला लावला आणि पहिल्यावर ठेवला. पूजा झाल्यावर दोन पाटांवरून उठायचं, असं तिने ठरवलंय. सध्या डाव्या हाताने देव्हाऱ्याची कड धरते.